लोखंड, क्रोमियम आणि नोबेलमधून सुटलेला माणूस

२००७ चं फिजिक्सचं नोबेल फ्रान्सचे आल्बेर फेर आणि जर्मनीचे पीटर ग्रुनबर्ग यांना मिळालं. लोक त्याला 'हार्ड डिस्कचं नोबेल' म्हणतात. माझ्या मते तसं म्हणायचं असेल तर तिसरं एक नाव घ्यायलाच हवं.

आधी शोध काय होता ते बघू. लोखंडाचा पातळ थर, त्यावर क्रोमियमचा, त्यावर परत लोखंड. क्रोमियमची जाडी एक नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे जेमतेम सहा-सात अणू! ही जाडी जमली, की शेजारचे लोखंडी थर उलटसुलट दिशांना चुंबकित होऊन बसतात. ग्रुनबर्गना हे १९८६ मध्येच दिसलं होतं. अशा वेळी प्रत्येक इलेक्ट्रॉन, त्याचा स्पिन कुठलाही असो, कुठल्या ना कुठल्या थरात अडखळतो. बाहेरून चुंबक लावून सगळे थर एका दिशेला वळवले, की निम्मे इलेक्ट्रॉन सुसाट सुटतात आणि रेझिस्टन्स कोसळतो. १९८८ मध्ये फेर यांच्या गटाला उणे २६९ अंशांना तो जवळजवळ निम्मा झालेला दिसला. ग्रुनबर्ग यांच्याकडे तीनच थर होते, फरक दीड टक्का, पण साध्या तापमानाला. (आणि पेटंटचा अर्ज त्यांनी पेपर छापायच्या आधीच टाकला होता, हुशार माणूस!)

पण दोघांचेही थर अतिनिर्वात पोकळीत, अणूवर अणू रचत, सावकाश वाढवलेले. असं करून कारखाना चालतो होय?

इथे आयबीएमचे स्टुअर्ट पार्किन येतात. त्यांनी स्पटरिंग वापरलं: धातूच्या तुकड्यावर आर्गॉनचे आयन आदळायचे, उडालेले अणू समोर बसू द्यायचे. काम झटपट, पण थर बारीक कणांचा, ओबडधोबड. तरीही परिणाम टिकला! शिवाय मधल्या थराची जाडी वाढवत नेली, की थरांची दिशा उलट, सुलट, परत उलट होत राहते, हे त्यांनी १९९० मध्ये दाखवलं. असे थर पटापट बनवता आले नसते तर हे कळलं असतं असं मला नाही वाटत.

१९९७ मध्ये आयबीएमने या तत्त्वावरचं हेड असलेली १६.८ जीबीची डिस्क विकायला काढली. शोधापासून फक्त नऊ वर्षं.

पार्किनना २०१४ मध्ये फिनलंडचा मिलेनियम टेक्नॉलॉजी पुरस्कार मिळाला. असो. दरम्यान २००४ मध्ये मधल्या धातूऐवजी मॅग्नेशियम ऑक्साइड घालून रेझिस्टन्समधला फरक आणखी कितीतरी वाढवता येतो हे दोन गटांनी वेगवेगळं दाखवलं. जपानच्या शिंजी युआसा यांचे थर सावकाश वाढवलेले, एकसंध स्फटिकाचे. पार्किन यांचे परत स्पटरिंगचेच.