आस्मोडियन
आस्मोडियन हे अमेरिकन लेखक रॉबर्ट जॉर्डन यांच्या 'द व्हील ऑफ टाइम' या अद्भुतरम्य कादंबरीमालिकेतील एक पात्र आहे. 'द फायर्स ऑफ हेवन' (१९९३) या पाचव्या कादंबरीच्या अखेरीस त्याची हत्या होते. मात्र मारेकऱ्याचे नाव तेथे दिलेले नाही. उत्तराचे धागे मजकुरातच असल्याचे जॉर्डन सांगत. त्यामुळे प्रत्येक नव्या भागानंतर चाहत्यांमध्ये संशयितांविषयी नव्याने वाद होत असे. २००७ मध्ये जॉर्डन यांचे निधन झाले. त्यांच्या टिपणांच्या आधारे ब्रँडन सँडरसन यांनी मालिका पूर्ण केली. 'टॉवर्स ऑफ मिडनाइट' (२०१०) या तेराव्या कादंबरीच्या शेवटी जोडलेल्या शब्दसूचीत ही हत्या ग्रेंडाल हिने केल्याचे नमूद आहे. सतरा वर्षांच्या या वादाचा निकाल अशा प्रकारे कथानकात नव्हे, तर परिशिष्टात लागला.