पडीक म्हणून नोंदलेले रान

हवामानबदलावर उपाय विचारला की सरकारी परिपत्रकापासून शाळेच्या प्रभातफेरीपर्यंत एकच उत्तर येते: झाडे लावा. 2019 मध्ये महाराष्ट्र शासनाने एकाच पावसाळ्यात 33 कोटी झाडे लावण्याचा संकल्प सोडला, आणि गावोगावी खड्डे खणायला जागा शोधताना नजर साहजिकच गायरानाकडे वळली. वाशीम जिल्ह्यातील इंझोरी आणि आसपासच्या मानोरा-कारंजा पट्ट्याचा इतिहास पाहिला, तर या उत्तरात मोठी चूक दिसते. हा मुलूख जंगल तुटून उघडा पडलेला नाही. त्याचा मोठा भाग मुळातच गवताचा होता. पवन्या, मारवेल, कुसळी, तिखाडी ही त्याची खरी संपत्ती. आणि गवताळ रानांची कहाणी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगते: रानावर जगणाऱ्या माणसांच्या हाती त्याची राखण होती तोवर ते टिकले, राखण हातातून गेली, मग रानही गेले.

1853 मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आले. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि वऱ्हाडातील काळ्या मातीचा भाव एकदम चढला. चराईच्या रानांत नांगर घुसला. 1867 मध्ये भुसावळहून निघालेली रेल्वे नागपूरला पोचली आणि बैलांच्या पाठीवर धान्य व मीठ वाहणाऱ्या बंजारा तांड्यांचा व्यापार बसला. हजारो बैलांचे तांडे ज्या कुरणांच्या भरवशावर देश तुडवत होते, ती कुरणे आता महसूल न देणारी जमीन ठरली. मानोरा तालुक्यातील पोहरादेवीला आजही देशभरातून बंजारा समाज सेवालाल महाराजांच्या दर्शनाला येतो. त्या समाजाचे भटके जीवन या गवताने पोसले होते, हे मात्र आपण विसरलो. लक्ष्मण सत्या यांनी वऱ्हाडातील कापूस आणि दुष्काळ यांवरील आपल्या ग्रंथात हा धागा जोडून दाखवला आहे: कापूस वाढला, कुरण आटले, जनावरे खंगली आणि शतकाच्या अखेरच्या दुष्काळांत माणसे व गुरे दोन्ही उघडी पडली. जी कुरणे उरली ती वन आणि महसूल या खात्यांच्या वर्गवारीत बसवली गेली. वऱ्हाडात गावच्या गायरानाला अजूनही लोक ‘ई-क्लास’ म्हणतात, तो त्याच दप्तराचा वारसा. जमिनीला वर्ग मिळाला, पण तिची राखण कोणी करायची याचा अधिकार गावाकडे राहिला नाही.

माणसांच्या बाबतीतही हेच घडले. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने देशातील अनेक भटक्या जमातींवर जन्मापासून संशयाचा शिक्का मारला, आणि पारधीही त्या शिक्क्याखाली भरडले गेले. 31 ऑगस्ट 1952 रोजी कायदा रद्द झाला, तरी नजर बदलली नाही. फासेपारध्याचा फास मात्र नीट पाहण्यासारखा आहे. एका लांब दोरीला ओळीने बारीक काड्या, प्रत्येक काडीला सरकफास, आणि ही सारी माळ तित्तराच्या येण्याजाण्याच्या वाटेवर गवतात आडवी रोवलेली. ती रोवायची तर तित्तर कोणत्या वेळी कोणत्या बांधाच्या कडेने चालतो, लाव्हरी कुठे दबते, कोणत्या गवतात अंडी घालते, हे ठाऊक असावे लागते. पिढ्यान्‌पिढ्या साठलेले हे ज्ञान कोणत्याही वनखात्याच्या आराखड्यात नव्हते. पुढे वन्यजीव संरक्षणाच्या कायद्याने शिकार बंद केली ते योग्यच होते. त्याबरोबर हे ज्ञान आणि ते बाळगणारी माणसेही रानाबाहेर हाकलली, ती मात्र घोडचूक झाली.

ही चूक दुरुस्त करता येते, याचे उदाहरण याच पट्ट्यात आहे. कौस्तुभ पांढरीपांडे यांच्या ‘संवेदना’ या संस्थेने अकोला-वाशीम भागातील फासेपारध्यांबरोबर काम सुरू केले. अकोला जिल्ह्यातील वडाळ्यासारख्या ठिकाणी पारधी कुटुंबांनीच गवताळ रान राखायला घेतले: चराईला शिस्त, वणव्यावर नजर, शिकारीला आळा. या कामाच्या केंद्रस्थानी आहे तणमोर हा गवताळ रानातला पक्षी. पावसाळ्यात याचा नर उंच गवतातून एकदम वर उसळतो, पंख फडफडवत क्षणभर हवेत दिसतो आणि पुन्हा गवतात बुडतो. दिवसातून शेकडो वेळा. ती उडी दिसली नाही तर पक्षी तिथे आहे हेही कळत नाही. 1999 मध्ये देशात सुमारे साडेतीन हजार तणमोर असल्याचा अंदाज होता. 2018 पर्यंत तो सातशेच्या आत आला. असा पक्षी शोधायला गवताची नस जाणणारा माणूसच लागतो, आणि तो माणूस पारध्याच्या पालात मिळतो.

यावर पहिला आक्षेप असा की गवताळ रान म्हणजे ऱ्हास पावलेले जंगल. तिथे झाडे लावली तर कार्बन साठेल आणि पाऊसही येईल. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी 2025 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात जुन्या मराठी वाङ्मयातील आणि लोकपरंपरेतील वनस्पतींचे उल्लेख तपासले. त्यांना सापडलेल्या 44 रानवनस्पतींपैकी जवळजवळ दोन-तृतीयांश वनस्पती मोकळ्या, गवताळ माळाच्या निघाल्या. अभ्यास प्रामुख्याने पश्चिम महाराष्ट्राचा असला, तरी महाराष्ट्राचा माळ ही इंग्रजी कुऱ्हाडीची देणगी नव्हे, हे त्याने पुराव्यानिशी दाखवले. शिवाय गवताचा बराचसा कार्बन मुळांत आणि मातीत असतो. उन्हाळ्यात वणवा आला तर वरचे गवत जळते, खालचा साठा राहतो. खड्डे खणून, नांगरून तो आपणच उधळतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, कारण तो न्यायाचा आहे. ज्यांना कधीच जमीन मिळाली नाही त्यांनी गायरान कसले तर काय बिघडले? 1959 आणि 1964 मध्ये दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांनी जमिनीसाठी सत्याग्रह केले, आणि 1991 च्या शासन निर्णयाने भूमिहीनांची जुनी अतिक्रमणे नियमित करण्याची वाट दिली. ती मागणी रास्त होती आणि आहे. तिच्या आड गवताचे कारण पुढे करणे अन्यायाचे ठरेल. पण 2011 मध्ये जगपाल सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गावच्या सामायिक जमिनींवरील अतिक्रमणांवर बोट ठेवले, त्यामागे मुख्यतः दांडग्यांची ताबेगिरी होती. भूमिहीनाचा दोन एकरांचा तुकडा आणि धनदांडग्याचा कुंपण घातलेला पट्टा यांत फरक गावच करू शकते, तहसीलचा नकाशा नाही. आणि रान संपल्याची किंमत छोटा शेतकरीच मोजतो. ज्वारी जाऊन सोयाबीन आले तेव्हा कडबा गेला, कुरण आधीच गेले होते. आता रोही आणि रानडुकरे शेतात उतरतात आणि माणसाला रात्रभर जागली करावी लागते.

तिसरा आक्षेप: हे काम सरकारचे, चार गावांचे नव्हे. सरकारने 2000 मध्ये काळविटांसाठी कारंजा-सोहोळ अभयारण्य केले, तेही 18.32 चौरस किलोमीटरचे. ते हवेच, पण काळवीट हद्दीच्या दगडापाशी थांबत नाही, ते बाहेरच्या गायरानात आणि शेतांतही चरते. त्या बाहेरच्या रानाला राखणारा हात गावाचाच असू शकतो. 2006 च्या वनहक्क कायद्याने वनजमिनीवर ग्रामसभेला राखणीचा हक्क दिला आणि 2009 मध्ये गडचिरोलीतील मेंढा-लेखाला तो मिळाला. पुढे तिथे ग्रामसभेने बांबूचा कारभार स्वतः चालवून दाखवला. गवतालाही असाच मालक हवा. म्हणून इंझोरीसारख्या प्रत्येक गावाने पुढच्या ग्रामसभेत तीन ठराव घ्यावेत: ई-क्लासची मोजणी करून हद्द कायम करावी, उरलेल्या गवतात वृक्षलागवडीचे खड्डे खणू नयेत, आणि चराई, गवतकापणी व वणव्याचे नियम ठरवताना तांड्यावरच्या आणि पारधी वस्तीवरच्या माणसांना मानाने समोर बसवावे. दीडशे वर्षे हे रान दप्तरात पडीक म्हणून नोंदले गेले. ती नोंद खोटी होती, आणि ती पुसण्याचे काम गावाने आता हाती घेतले पाहिजे.