उसनें इन्सुलिन

११ जानेवारी १९२२ रोजीं कॅनडांतील टोरांटो येथील रुग्णालयांत लेनर्ड टॉम्प्सन नांवाच्या १४ वर्षांच्या मुलास एक अर्क टोचण्यांत आला. मधुमेहानें त्याचा नुसता हाडांचा सांगाडा उरला होता. बँटिंग व बेस्ट यांनीं तयार केलेला तो अर्क पुरेसा शुद्ध नव्हता. त्याचा विशेष गुण आला नाहीं. परंतु कॉलिप यांनीं शुद्ध केलेला अर्क २३ जानेवारीपासून देतांच रक्तांतील साखर उतरली. जें दुखणें तोंवर मुलांच्या बाबतींत मृत्यूचेंच बोलावणें समजलें जाई, त्यावर इन्सुलिनचा उतारा सांपडला. लेनर्ड आणखी १३ वर्षें जगला.

उतारा सांपडला खरा. पण रोग हटला नाहीं. स्वादुपिंडांतील बीटा पेशी इन्सुलिन हा अंतःस्राव निर्माण करतात. पहिल्या प्रकारच्या मधुमेहांत शरीराची संरक्षक व्यवस्था आपल्याच या पेशींवर उलटते व त्यांचा संहार करते. टोचलेलें इन्सुलिन हें उसनें धन. तें रोज आणावें लागतें. त्याची मात्रा अधिक झाली, तर साखर एकदम उतरून रोगी बेशुद्धहि पडतो.

मग गेलेल्या पेशीच परत कां देऊं नयेत? २००० सालीं कॅनडांतच, एडमंटन येथें, शापिरो व त्यांच्या सहकाऱ्यांनीं मृत दात्यांच्या स्वादुपिंडांतील पेशीपुंज ७ रोग्यांच्या यकृतांत सोडल्याचें प्रसिद्ध केलें. सातही जण इन्सुलिनवांचून राहूं लागले. पण दाते थोडे आणि रोगी असंख्य!

ही अडचण दूर करण्याचा मार्ग मूलपेशींनीं दाखविला. जिचें कार्य अद्याप ठरलेलें नाहीं व जिच्यापासून निरनिराळ्या पेशी घडूं शकतात, ती मूलपेशी. मानवी गर्भाच्या मूलपेशी १९९८ सालीं अमेरिकेंत जेम्स टॉमसन यांनीं प्रयोगशाळेंत वाढविल्या. हार्वर्डच्या डग्लस मेल्टन यांच्या दोन्ही मुलांस हाच मधुमेह. त्या ध्यासानें वर्षानुवर्षें खपून त्यांनीं २०१४ सालीं मूलपेशींपासून बीटा पेशी मोठ्या प्रमाणावर घडवून दाखविल्या.

२०२५ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका चांचणींत अशा पेशींची पूर्ण मात्रा मिळालेल्या १२ रोग्यांपैकीं १० जण वर्षाअखेर इन्सुलिनवांचून होते. मात्र परक्या पेशी शरीरानें नाकारूं नयेत म्हणून प्रतिकारशक्ति दडपणारीं औषधें त्यांना घ्यावीं लागलीं. अशा औषधांनीं जंतुसंसर्गाचें भय वाढतें. त्या चांचणींतील एक रोगी मेंदूच्या आवरणाच्या संसर्गानें दगावला. म्हणूनच, ज्यांची साखर नकळत जीवघेणी उतरते अशांनाच तींत घेतलें होतें. सुई सुटावी आणि तिच्या जागीं दुसरें ओझें येऊं नये, हा पल्ला अद्याप गांठावयाचा आहे.