बलाचतुष्टय : नाव आणि लक्षण

भावमिश्राने सोळाव्या शतकात रचलेल्या ‘भावप्रकाश’ ग्रंथाच्या निघंटुभागात बला, महाबला, अतिबला व नागबला या चार वनस्पती एकत्र सांगितल्या असून त्या समूहास बलाचतुष्टय असे म्हणतात. या नावांखाली आज दाखविल्या जाणाऱ्या वनस्पती बहुतांशी माल्व्हेसी, म्हणजे भेंडीच्या कुलातील, पिवळ्या फुलांची रानझुडपे होत. माळावर, शेताच्या बांधावर व वाटांच्या कडेला ती उगवतात आणि प्रथमदर्शनी एकसारखीच भासतात. त्यांचा निर्णय हा वनस्पतिशास्त्राचा प्रश्न खराच. परंतु कोणते नाव कोणत्या लक्षणावरून पडले, या दृष्टीने तो भाषेच्या इतिहासाचाही प्रश्न आहे.

‘बला’ हे नाव गुणवाचक आहे. ते औषधाचा परिणाम सांगते, झाडाचे रूप सांगत नाही. ‘महा’ आणि ‘अति’ ही पूर्वपदे त्या गुणाची केवळ प्रत दर्शवितात. महाबलेचा एक पर्याय ‘पीतपुष्पा’ असा आहे. परंतु पिवळे फूल हे या सर्वच झुडपांचे सामान्य लक्षण असल्याने त्यावरून एकीस दुसरीपासून वेगळे काढता येत नाही. तिचाच दुसरा पर्याय ‘सहदेवी’. मराठीत हे नाव सूर्यफुलाच्या कुलातील एका जांभळट फुलांच्या लहान रोपास रूढ आहे. नागबलेसंबंधी तर अद्याप एकमत नाही. ‘गांगेरुकी’ या पर्यायावरून काही अभ्यासक तीस फालशाच्या प्रजातीतील, म्हणजे ग्रेविया प्रजातीतील, झुडूप मानतात. इतर काही सिडा प्रजातीतील एक पसरणारी जाती मानतात.

याउलट अतिबलेचा ‘कंकतिका’ हा पर्याय पाहावा. कंकतिका म्हणजे लहान फणी. हिंदीत हीच वनस्पती ‘कंघी’ म्हणून ओळखली जाते. मराठीतील ‘मुद्रा’ व ‘पेटारी’ ही नावेही फळाच्याच आकारावरून पडली आहेत. वर्तुळाकार मांडलेल्या सुमारे १५ ते २० भागांचे ते फळ एकदा पाहिलेला मनुष्य ते विसरत नाही. अतिबला म्हणजे अबुटिलॉन इंडिकम, याविषयी सामान्यतः मतैक्य आहे, याचे कारण येथे शोधावे लागते. ‘चिकणा’ हे मराठी नाव मात्र पाल्यातील बुळबुळीतपणावरून पडलेले दिसते. तो गुण सर्व कुलातच आढळत असल्यामुळे सिडाच्या एकाहून अधिक जाती चिकणा या एकाच नावाखाली मोडतात.

युरोपीय वर्गीकरणाचा इतिहासही याच वळणाने गेला आहे. लिनीयसने १७५३ मध्ये सिडा कॉर्डिफोलिया व सिडा रोम्बिफोलिया ही नावे दिली, ती पानांवरून : पहिलीचे पान हृदयाकृती, दुसरीचे समभुज चौकोनासारखे. मुद्रेसही त्याने सिडातच घातले होते. फिलिप मिलरने १७५४ मध्ये अबुटिलॉन ही प्रजाती वेगळी मानली आणि रॉबर्ट स्वीटने १८२६ मध्ये मुद्रा तीत नेली. भेंडी किंवा कापूस यांच्या फुलात पाकळ्यांखालील संवर्ताच्याही खाली जे आणखी एक मंडल असते, ते सिडा व अबुटिलॉन या दोहोंतही नसते. भेद आहे तो फळात : सिडाच्या प्रत्येक फलांशात एकच बीज, अबुटिलॉनमध्ये बहुधा दोन वा अधिक. लोकभाषेने जे अंग निवडले होते, तेच शास्त्रानेही अखेर निर्णायक मानले.

सिडाच्या जातींतही हेच दिसते. पाने स्थलकालानुसार बदलतात, म्हणून पानांवरून पडलेली नावे फसवितात. मॅक्सवेल मास्टर्सने १८७४ मध्ये हुकरच्या ‘फ्लोरा ऑफ ब्रिटिश इंडिया’त सिडा रेट्यूसा ही लिनीयसची जाती रोम्बिफोलियाचा प्रकार म्हणून तिच्यात समाविष्ट केली; पुढील अभ्यासकांनी हा प्रश्न पुन्हा उघडला. कॉर्डिफोलियाच्या फलांशास उलट्या केसांचे दोन लांब काटे असतात व ते संवर्ताबाहेर डोकावतात. सिडा अक्यूटाचे फलांश साधारणतः पाच ते आठ, काटे आखूड, आणि पानाच्या देठाशी असलेल्या उपपर्णांच्या जोडीत एक रुंद व दुसरे अरुंद असते.

हा वाद केवळ पंडिती नाही. उत्तर भारतात बला म्हणून बहुधा कॉर्डिफोलिया घेतली जाते. केरळात ‘कुरुंतोट्टी’ या नावाने रोम्बिफोलिया व तिच्या निकटच्या जाती वापरतात. कॉर्डिफोलियात इफेड्रिन हे हृदयाची गती वाढविणारे द्रव्य अल्प प्रमाणात आढळल्याच्या नोंदी आहेत. ग्रंथातील शब्द एक असला तरी मात्रा ज्याच्या हाती पडते त्यास तीच वनस्पती मिळाली, असे म्हणता येत नाही.

एका संस्कृत नावापुढे एक लॅटिन नाव मांडणाऱ्या याद्यांनी ही गुंतागुंत झाकली. गुणावरून पडलेले नाव प्रदेशागणिक फिरते, सर्वसामान्य लक्षणावरून पडलेले अनेकांस लागते, आणि विशिष्ट अंगावरून पडलेलेच स्थिर राहते. म्हणून वनस्पतिनामांचा कोश करताना नावापुढे ते बोलणारा प्रदेश आणि नावामागील लक्षण या दोहोंची नोंद असणे अगत्याचे आहे. आणि नमुना ठेवावयाचा तो पानाबरोबर पक्व फळाचाही.