पवईच्या संगणकाचा जुना प्रश्न : फाइल नवी की आधीची?

१/ नव्या सॉफ्टवेअर प्रकल्पाची मांडणी करून देणारे साधन एखाद्या फोल्डरमध्ये चालवले आणि तिथे त्याच नावाची फाइल आधीच असली, तर काय व्हावे? प्रश्न आजचा वाटतो. त्याचे एक उत्तर मात्र अर्ध्या शतकापूर्वीच पवईला पोहोचले होते.

२/ १९५८ साली सोव्हिएत साहाय्याने स्थापन झालेल्या आयआयटी मुंबईत १९७० च्या दशकात ईसी-१०३० हा संगणक आला. शीतयुद्धातील गंमत पाहा : यंत्र सोव्हिएत गटाचे, पण त्याची रचना अमेरिकेच्या आयबीएमने १९६४ साली जाहीर केलेल्या सिस्टिम/३६० वर बेतलेली! रचनेबरोबर त्या घराण्याची कार्यपद्धतीही आली.

३/ या पद्धतीत काम कार्डांच्या गठ्ठ्यातून यंत्राकडे जाई. ते चालू असताना त्याचा कर्ता समोर नसे. मग विचारायचे कोणाला? म्हणून ओएस/३६० च्या नियंत्रणभाषेत फाइलची स्थिती आधीच लिहून देण्याची सोय होती. ‘न्यू’ म्हणजे नवी, ‘ओल्ड’ म्हणजे असलेली, ‘मॉड’ म्हणजे असलेल्या मजकुराच्या शेवटी भर. काहीच न लिहिल्यास ‘न्यू’ धरले जाई. आणि त्याच डिस्कवर त्या नावाची फाइल निघाली, तर काम अडे. जुन्या मजकुराला धक्का लागत नसे. ‘ओल्ड’ लिहून वर नवे लिहिले तर जुने पुसले जाई, पण ती जोखीम कर्त्याने लेखी पत्करलेली असे. काम मध्येच कोसळले तर अर्धवट फाइल ठेवायची की काढायची, हेही त्याच ओळीत सांगता येई. ही भाषा किचकट म्हणून बदनाम झाली. तिची ही सावधगिरी मात्र फारशी कोणी आठवत नाही.

४/ १९७१ च्या युनिक्समध्ये ‘क्रिएट’ ही हाक होती. फाइल नसेल तर ती तयार करी. असेल तर न विचारता रिकामी करी. या हाकेच्या इंग्रजी नावातून शेवटचे ‘ई’ अक्षर गाळल्याची हळहळ केन थॉम्प्सन यांनी पुढे थट्टेने व्यक्त केली. पुसल्या गेलेल्या फायलींच्या मानाने ते अक्षर किरकोळच! सी-शेलमधील ‘नोक्लॉबर’सारखे अटकाव नंतर आले, तेही ज्याने मागितले त्याच्यापुरते.

५/ १९९३ साली सुरू झालेल्या डेबियनच्या ‘डीपीकेजी’ने सेटिंगच्या फायलींसाठी बारीक विचार केला. वापरकर्त्याने फाइल बदललेली नसेल तर नवी आवृत्ती मुकाट्याने बसते. त्याने बदलली आणि पॅकेजमधली तीच राहिली, तर त्याची टिकते. दोघांनीही बदलली असेल तरच प्रश्न येतो, आणि नुसते एंटर दाबल्यास वापरकर्त्याचीच प्रत राहते.

६/ २००५ च्या गिटमध्ये ‘इनिट’ पुन्हा चालवले तरी आधीचे काही पुसले जात नाही. रस्ट भाषेच्या कार्गोने तर दोन आज्ञाच वेगळ्या केल्या : ‘न्यू’ असलेल्या फोल्डरला नकार देते, ‘इनिट’ असलेल्या फोल्डरमध्येच मांडणी करते.

७/ आता कितीतरी मांडण्या सर्व्हरवर आपोआप चालतात. उत्तर द्यायला पुन्हा समोर कोणी नाही. प्रश्न विचारणारे साधन तिथे ताटकळत राहते. म्हणून ‘डीपीकेजी’ला उत्तर आधीच लिहून द्यावे लागते. त्यासाठीचे दोन पर्याय आहेत ‘कॉनफ-ओल्ड’ आणि ‘कॉनफ-न्यू’.