पिकअपच्या चाकातून आवाज येतोय? घाटाआधी हे तपासा

ओतूरहून कांदा, टोमॅटो भरून कल्याणकडे निघालेली पिकअप माळशेज घाट उतरते. म्हणून चाकाचा आवाज ओतुरातच तपासावा, असे आम्ही सांगतो. काही ड्रायव्हर भाऊ आवाज आला की गाणीच मोठी करतात!

वेगाबरोबर वाढणारी ‘घूंऽऽ’ बहुधा बेअरिंगची. सपाट, मोकळ्या रस्त्यावर क्लच दाबून पाहा; आवाज तसाच राहिला तर तो इंजिनाचा नाही. उजवीकडे वळताना वाढला तर संशय डाव्या चाकावर, कारण वळणात भार बाहेरच्या चाकावर जातो. मग बाकीच्या चाकांना दगड लावून ते चाक जॅकवर उचला, वर-खाली धरून हलवा, फिरवा. ढिले लागले किंवा खरखरले तर भरलेली गाडी घाटात नेऊच नका.

ब्रेक दाबल्यावर लोखंड घासल्यासारखे वाजले तर लायनर संपले समजा. उतारावर हेच सगळ्यात धोक्याचे. हळू चालताना ठकठक झाली तर लगेच थांबून नट आवळा. बारीक टिकटिक मात्र पुष्कळदा टायरच्या खाचेतल्या खड्याची निघते.

बेअरिंग बदलताना ऑईल सीलही नवे घालून घ्या.