शॉक म्हणजे नेमका कोणता?

राजूरच्या कोळसा खाणीच्या वस्तीत एक आई मला म्हणाली, ‘डॉक्टरले सांगा, पोराले शॉक नका देऊ.’ सुचवला होता तो सौम्य विद्युतप्रवाह. पण तिच्या भीतीला इतिहास आहे. १९३८ साली रोममध्ये चेर्लेत्ती आणि बिनी यांनी मनोरुग्णाला विजेने आकडी आणली, तीही भुलीविना. आकडी हाच उपचार. आपल्याकडे भुलीविना शॉकवर बंदी यायला २०१७चा मानसिक आरोग्यसेवा कायदा लागला. २००० साली जर्मनीत नित्शे आणि पाउलुस यांनी डोक्यावरून सोडलेला प्रवाह जेमतेम १ मिलिअँपिअरचा. त्याने आकडी येत नाही. धनाग्राखालच्या चेतापेशी अधिक तत्पर होतात, ऋणाग्राखालच्या मंदावतात. प्रवाह थांबल्यावरही परिणाम काही मिनिटे टिकला. हे ऐकून ती म्हणाली, ‘मंग दोन्हीले शॉकच कावून म्हणता?’